आपला नम्र, बॉयलरमागे

शिक्केवाल्यांनी आयुष्यात झाडलेली पहिली गोळी त्यांच्याच बाजूच्या माणसाला लागली. ते लगेच खुर्चीतून अर्धे उठले, पडद्याला हात जोडले आणि म्हणाले, "माफ करा हं, फार लागलं नाही ना?" तो मेला होता. ही विचारपूस चालू असतानाच मागून कोणीतरी शिक्केवाल्यांनाही उडवलं. युद्ध सुरू होऊन चार सेकंद झाले होते.

आता वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत एकतीस वर्षं तराजूंवर आणि किलोच्या वजनांवर शिक्के मारण्यात घालवलेला, जिना उतरतानासुद्धा कठडा न सोडणारा माणूस बंदूक घेऊन धावत कशाला सुटला, असं कोणी विचारलं तर ते रास्तच आहे. त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं: मेहुणा.

हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. संगणक विकायच्या दुकानात कामाला, आणि दर रविवारी बहिणीकडे जेवायला. बंदुकांचा एक खेळ तो खेळत असे. आठजण इकडे, आठजण तिकडे, सगळे आपापल्या घरी संगणकासमोर बसलेले, एकमेकांची तोंडंही न पाहिलेले. पडद्यावर एक बंद पडलेला कारखाना, त्यात एकमेकांना शोधायचं आणि मारायचं. मेला तो डाव संपेपर्यंत बाहेर. ज्या बाजूचा माणूस शेवटी उभा, ती बाजू जिंकली. ह्या खेळात मेहुण्याचं नाव 'काळदूत' होतं आणि गुणांच्या यादीत तो बहुतेक पहिला असे. हे त्याने इतक्या रविवारी सांगितलं होतं, की शिक्केवाल्यांना त्याच्या गुणांची बेरीज पाठ झाली होती.

एका रविवारी शिक्केवाले केवळ शिष्टाचार म्हणून म्हणाले, "मलाही दाखव एकदा."

मेहुणा तोंडात घास असताना हसला. "भाऊजी, तुमचं काम नाही ते. त्याला डोकं लागतं, नजर लागते. तुम्ही आपले साधारण माणूस. काय गं ताई?"

ताई वाढत होती. ती काहीच बोलली नाही. तिने फक्त भातावरचं झाकण काढलं आणि पुन्हा ठेवलं.

मेहुण्याचं बोलणं शिक्केवाल्यांनी सोडून दिलं असतं. मेहुण्याचं बोलणं मनाला लावून घेणारे नवरे जगात फार दिवस सुखाने राहत नाहीत. पण बायकोचं ते न बोलणं त्यांना लागलं, आणि चांगलंच लागलं. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि जाहीर केलं, "तुला त्या खेळात एकदा मारून दाखवीन. फक्त एकदा. आणि ते तू ह्याच टेबलावर, हिच्यासमोर कबूल करायचंस."

"जन्मात नाही," मेहुणा म्हणाला आणि त्याने आणखी भात घेतला.

दुसऱ्याच दिवशी कचेरीतून आल्यावर शिक्केवाले खेळात नाव नोंदवायला बसले. अर्ज भरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि तिथेच घात झाला. पहिल्या रकान्यात आपली ओळख लिहायची होती. आयुष्यभर जसं लिहीत आले तसं त्यांनी 'आपला नम्र' असं लिहून पुढे आडनावासकट सगळं नाव लिहिलं. रकान्यात अक्षरं मोजकीच मावत होती, तेव्हा खेळाने 'आपला नम्र' एवढंच ठेवून बाकीचं कापून टाकलं. पुढच्या रकान्यात दिनांक मागितला होता. दिनांक म्हटल्यावर सरळमार्गी माणूस आजचा दिनांक टाकतो. तो जन्माचा होता.

अशा रीतीने शिक्केवाल्यांचं वय शून्य दिवस ठरलं. खेळाने त्यांचं स्वागत केलं आणि पालकाची संमती मागितली.

त्यांनी दुरुस्तीसाठी अर्ज केला. उत्तर आलं, की जन्मतारीख बदलायची असल्यास पालकाने अर्ज करावा, पाल्याने स्वतः करू नये. सोबत पाल्याचा जन्मदाखला आणि पाल्य ज्यात पालकाच्या मांडीवर आहे असं अलीकडचं छायाचित्र जोडावं. शिक्केवाल्यांनी हा कागद दोनदा वाचला. नियम म्हणून त्यांना त्यात काही खोट काढता येईना, हे त्यांचं खरं दुःख होतं. शेवटी त्यांनी पालक म्हणून बायकोचं नाव आणि तिचा फोन नंबर दिला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसहाला बायकोच्या फोनवर निरोप येऊ लागला: तुमचं बाळ खेळू इच्छितं, एक तासाची परवानगी द्यावी. ती हातातलं काम टाकून बोट लावायची. साडेसातला दुसरा निरोप यायचा: तुमचं बाळ आज एकोणीस वेळा मेलं, त्याला प्रोत्साहन द्या.

"शाबास!" ती स्वयंपाकघरातूनच ओरडायची. त्या हाकेत चेष्टा किती आणि माया किती, हे मोजायचा काटा शिक्केवाल्यांच्या कचेरीतही नव्हता.

पहिले काही आठवडे ते सगळे नवशिके करतात तेच करत होते. शिट्टी झाली, की उघड्या अंगणातून सरळ समोर धावायचं आणि मरायचं. त्यांच्या बाजूला 'बेडूक' नावाची एक खेळाडू असायची. ती खरी कुठल्याशा इस्पितळात नर्स होती आणि कानाला लावलेल्या यंत्रातून सगळ्यांशी बोलायची. मरायला टेकलेल्यांशी बोलायची सवय असल्यामुळे तिचा शिक्केवाल्यांशी लवकर सूर जमला.

"काका, वाका! वाकून चाला!"

"कंबर धरते हो."

"तुमची नाही, पडद्यावरच्या माणसाची! आणि दारातून आधी डोकं काढू नका. आधी कान द्या. पावलं ऐकू येतात."

शिक्केवाले पडद्याला कान लावून बसायचे आणि तेवढ्यात मरायचे.

भिंतींना कान असतातच, त्यामुळे ही बातमी खालच्या मजल्यावर गेली. तिथे निवृत्त कवायत मास्तर राहत असत. शाळेत त्यांनी तीस वर्षं मुलांना 'सावधान' म्हणून उभं केलं होतं. निवृत्तीनंतर कोणी उभं राहीना, म्हणून ते दबून होते. ते वर आले, शिक्केवाल्यांच्या बसण्याकडे त्यांनी बघितलं आणि डोळे मिटले.

"खुर्चीत बसून कुणी नेम धरतं का? पालथे पडा. कोपर जमिनीला. श्वास सोडा, अर्धा ठेवा, मग बोट."

ह्या खेळात बोट म्हणजे माउसचं बटण असतं हे मास्तरांना सांगून उपयोग नव्हता. शिक्केवाले चार संध्याकाळी बैठकीच्या खोलीत चटईवर पालथे पडून लढले. संगणक समोर टेबलाच्या उपड्या घातलेल्या खणावर, आणि बाजूला मास्तर हातात शिट्टी घेऊन. चौथ्या संध्याकाळी बायको बाहेरून आली, तिने नवऱ्याला तसं पडलेलं पाहिलं आणि पिशवी टाकून किंचाळली. शेजारच्या दंतवैद्यीणबाई धावत आल्या आणि त्यांनी आधी शिक्केवाल्यांचा जबडा उघडून पाहिला. शिक्केवाल्यांना जबडा उघडाच ठेवून "मी लढतोय" एवढं समजावून सांगायला बराच वेळ लागला. तोवर शत्रूने त्यांना मारून वर दुसरा डावही सुरू केला होता. पुढे आठ दिवस त्यांना मान वळवता येत नव्हती. म्हणून उजवीकडचे शत्रू त्यांनी देवाच्या हवाली केले.

पण शिक्केवाल्यांच्या अंगी एक गोष्ट होती, जी काळदूतात नव्हती, बेडकात नव्हती आणि त्या खेळातल्या कुठल्याच वाघात नव्हती. ते नोंदवही ठेवत. पहिल्या दिवसापासून त्यांनी आपल्या प्रत्येक मरणाची रीतसर नोंद केली होती. रकाने असे: अनुक्रमांक, वेळ, ठिकाण, मारणाऱ्याचं नाव, गोळीची दिशा, शेरा. शेऱ्यांत 'शत्रूस वाट करून दिली असता', 'चष्मा पुसत असता', 'विजय साजरा करीत असता (विजय आपला नव्हता)' असा मजकूर होता.

तीनशे बारा मरणं झाल्यावर एका संध्याकाळी त्यांनी ठिकाणांचा गोषवारा काढला. अंगणात एकशे चाळीस, जिन्यावर सत्तावन्न, मुख्य दारात बावन्न, असं करत करत यादी संपली, आणि त्यांच्या लक्षात आलं, की कारखान्याच्या मागच्या बाजूला असलेल्या जुन्या बॉयलरमागे ते एकदाही मेलेले नाहीत. इतरांना विचारलं, तर तिथे कोणीच मेलेलं नव्हतं, कारण तिथे कोणी जातच नसे. बॉयलर आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस आडवा मावेल एवढी फट. तिथून दिसायचं काय, तर समोरच्या दाराची हातभर रुंदी. बाकी काही नाही. धडाडीच्या माणसाला ती जागा म्हणजे शिक्षा. पण त्या दारातून प्रत्येक डावात बहुतेकांना एकदा तरी जावंच लागे.

शिक्केवाले तिथे जाऊन बसले.

बसणं ही कला आहे. तरण्या पोरांना ती येत नाही. शिक्केवाल्यांनी घड्याळ लावून पाहिलं होतं, की चांगल्यातला चांगला खेळाडू एका जागी अकरा सेकंदांपेक्षा जास्त टिकत नाही. त्याचा हात वळवळतो. शिक्केवाल्यांनी साहेब सहीला येतील म्हणून एका बाकावर चार-चार तास काढले होते. त्या संध्याकाळी ते पहिली पावणेसहा मिनिटं हललेही नाहीत. मग दारात एक पाय दिसला. त्यांनी बटण दाबलं. सगळ्यांच्या पडद्यावर ओळ उमटली: 'आपला नम्र यांनी वादळ यांना ठार केलं.' पाठोपाठ 'आपला नम्र यांनी ज्वालामुखी यांना ठार केलं.' मग 'आपला नम्र यांनी नागफणी यांना ठार केलं.'

"काका!" बेडूक किंचाळली. "काका, हे तुम्ही?"

"हो. चुकलं का काही?"

त्या दिवशी निरोप आला: तुमचं बाळ आज फक्त दोनदा मेलं. बायकोने तो मोठ्याने वाचला आणि तेवढ्यासाठी स्वयंपाकघरातून बाहेर आली. शिक्केवाल्यांनी हे नोंदवहीत लिहिलं नाही, पण लक्षात ठेवलं.

पंधरा दिवसांत 'आपला नम्र' हे नाव ऐकून लोक दारातून जायला कचरू लागले. पण माणूस मरून मरून शहाणा होतो, आणि ज्याला ते बॉयलरमागून मारत होते तोही शिकत होता. आधी सगळे दारात थबकून डोकावू लागले. मग मेहुण्याच्या टोळीने दारातून आधी हातबॉम्ब टाकायची रीत काढली. शिक्केवाल्यांच्या वहीत बॉयलरमागे पहिलं मरण नोंदलं गेलं, शेरा: 'बसल्या जागी'. ह्यावर तोडगा म्हणून शिक्केवाले बॉयलर मोकळा सोडून दाराच्या फळीमागे उभे राहिले. शत्रूने रिकाम्या बॉयलरवर सहा बॉम्ब उधळले आणि निर्धास्त आत आला. झालं, 'आपला नम्र' पुन्हा सगळ्यांच्या पडद्यावर. मग ते फळीमागे बॉम्ब टाकू लागले, तेव्हा हे बॉयलरमागे. मग ते दोन्हीकडे टाकू लागले, तेव्हा हे जिन्याखाली बसून बॉम्ब संपायची वाट बघत. प्रत्येक कुलपाला किल्ली आणि प्रत्येक किल्लीला नवं कुलूप, असं चाललं होतं. दोन्हीकडचे इतके तयार झाले, की महिन्याभरापूर्वी जे अंगणात धावत होते, ते आता दार ओलांडायला सव्वा मिनिट घेत.

ह्या सगळ्यात मेहुणा मात्र सापडेना. तो चिमणीवर चढून लांब पल्ल्याची बंदूक घेऊन बसे आणि दाराकडे फिरकतच नसे. "भाऊजी, बिळात बसून उंदीर मारता येतो," तो रविवारी म्हणायचा. "गरुड नाही."

पुढे तर नकलांचं पीक आलं. जो उठला तो बॉयलरमागे. एकदा शिक्केवाले तिथे पोचले तर फटीत आधीच नऊजण होते, पाच आपले, चार शत्रूचे. बंदूक उचलायला कोणालाच जागा नव्हती. कोणीतरी म्हणालं, "जरा सरका की." कोणी म्हणालं, "मी आधी आलोय." शिक्केवाल्यांनी सवयीने विचारलं, "शेवटी कोण आहे?" आणि ते रांगेत उभे राहिले. तो डाव वेळ संपून बरोबरीत सुटला. एकही माणूस न मेलेला त्या खेळाच्या इतिहासातला तो पहिलाच डाव, असं बेडूक म्हणाली.

ही गोष्ट खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या कानावर गेली असावी. पुढच्या सोमवारी शिक्केवाले बॉयलरमागे जाऊन बसायला लागले, तर नाक भिंतीवर आपटलं. फट बुजवलेली होती. वर नवीन विटा, प्लॅस्टरसुद्धा नाही.

शिक्केवाले त्या संध्याकाळी लवकर जेवले आणि त्यांनी वही उघडली नाही. ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. माणसाला आयुष्यात एखादीच गोष्ट स्वतःहून सापडते. त्यांना ती फट सापडली होती, आणि मेहुण्याला अजून गोळी लागायची होती.

"अहो, दुसरी जागा शोधा," बायको म्हणाली.

"प्रश्न जागेचा नाही. कुणाची हरकत न मागवता बांधकाम केलं आहे."

त्यांनी तक्रार केली. विषय: कारखान्यातील बॉयलरमागील वहिवाटीची जागा बुजवल्याबाबत. उत्तर दोन सेकंदांत आलं, म्हणजे ते कोणी वाचलं नव्हतं हे उघड होतं: तुमचं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे, कृपया नेमकं ठिकाण दाखवणारं चित्र जोडावं. दुसरा कोणी असता तर पडद्याचा फोटो काढून पाठवला असता. शिक्केवाल्यांनी त्याचा अर्थ मोजणीचा नकाशा असा घेतला. कोणत्याही जागेचं नेमकं ठिकाण पक्क्या खुणेपासून अंतर मोजून ठरतं, हे त्यांना माहीत होतं. पक्की खूण म्हणजे कारखान्याचं फाटक. तिथून अंगण ओलांडून बॉयलरसमोरच्या दारापर्यंत पावलं मोजायची, दर दहा पावलांना जमिनीत एक गोळी मारून खूण करायची, आणि शेवटची गोळी नव्या भिंतीत. अडचण एवढीच होती, की तो कारखाना फक्त लढाई चालू असतानाच उघडा असे.

त्या रविवारी जेवणाआधी मेहुण्याच्या टोळीशी मोठा सामना ठरलेला होता. मेहुणा आपला संगणक घेऊन बैठकीच्या खोलीत, शिक्केवाले आतल्या खोलीत, आणि पालक स्वयंपाकघरात. तिने परवानगीचं बोट लावलं. शिक्केवाल्यांनी मांडीवर वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं आणि आपल्या बाजूला सांगितलं, "मी आज जरा मोजणीला जातो. तुम्ही आपलं चालू द्या."

"समजलं, काका," बेडूक हलक्या आवाजात म्हणाली. तिला वाटलं, हे नव्या डावाचं सांकेतिक नाव आहे. तिने बाकीच्यांना घेऊन जागा धरल्या आणि सगळे श्वास रोखून बसले.

शिक्केवाले फाटकातून निघाले. वाकले नाहीत, धावले नाहीत, भिंतीचा आडोसा धरला नाही. भर अंगणातून सरळ रेषेत, एक एक पाऊल मोजत. दहा पावलं झाली, की थांबायचं, पायाशी एक गोळी मारायची, वहीत रेघ ओढायची आणि पुढे चालू लागायचं.

समोर आठ बंदुका होत्या. आठही बंदुकांनी त्यांना पाहिलं. महिना-दीड महिन्यापूर्वी त्यांच्यातल्या कोणीही डोळे झाकून गोळी घातली असती. पण आता ते शिकलेले होते, आणि इतकं शिकलेल्या माणसाला समोर दिसतं ते खरं वाटत नाही. मेहुण्याने नंतर स्वतःच सांगितलं, की चिमणीवरून भाऊजी उघड्यावर दिसले तेव्हा त्याने बटणावरचं बोटच काढून घेतलं. बॉयलरमागे सहा मिनिटं न हलणारा माणूस भर उन्हात फिरायला निघाल्यासारखा चालला आहे, म्हणजे हे आमिष. गोळी झाडावी तर आपली जागा उघडी पडेल, आणि तेच त्यांना हवं आहे. "आणि त्या दर दहा पावलांच्या गोळ्या!" तो म्हणाला. "इशारा होता तो! कुणाला होता, ते कळेना!"

कळेना म्हणून आठही बंदुका भाऊजींवरून हटून त्यांच्या आजूबाजूच्या अंधाऱ्या कोपऱ्यांकडे वळल्या. पन्नासाव्या पावलाच्या गोळीला ज्वालामुखी दचकला आणि त्याने आपल्याच बाजूच्या नागफणीला मारलं. त्याच्यावर वादळाने गोळी झाडली. त्या आवाजावर बेडकाच्या माणसांनी झाडल्या, त्यांच्यावर उरलेल्यांनी. चारी बाजूंनी माणसं पडत होती आणि मधून शिक्केवाले "ब्याण्णव, त्र्याण्णव" करत चालले होते. मध्येच आकडा चुकला की काय अशी शंका आली, म्हणून ते तीन पावलं मागे गेले आणि पुन्हा पुढे आले. हे पाहून राहिलेला एकजण घाबरून जिन्यावरून पडून मेला.

शेवटी दोघेच उरले. चिमणीवर काळदूत आणि खाली आपला नम्र.

मेहुण्याला राहवलं नाही. असला डाव त्याने कधी पाहिला नव्हता, आणि तो जवळून बघितल्याशिवाय गोळी घालणं त्याच्या जिवावर आलं. तो शिडीने खाली उतरला, बॉयलरपाशी नव्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि वाट बघू लागला.

"एकशे अडतीस, एकशे एकोणचाळीस, एकशे चाळीस," शिक्केवाले म्हणाले आणि वहीतून डोकं वर न काढता त्यांनी शेवटची खूण करायला भिंतीत गोळी मारली.

बैठकीच्या खोलीत खुर्ची पडल्याचा आवाज आला.

'आपला नम्र यांनी काळदूत यांना ठार केलं.' शिक्केवाल्यांनी ओळ वाचली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. मग त्यांना दिसलं, की दारात मेहुणा उभा आहे, खराखुरा, तोंड उघडं.

"भाऊजी," तो म्हणाला, "तुम्ही चालत आलात."

जेवणाच्या टेबलावर मात्र त्याचा धीर परत आला. "कबूल आहे, गोळी लागली," तो भाताकडे बघत म्हणाला. "पण तो योगायोग होता. खरं सांगा, भाऊजी."

शिक्केवाले खरं सांगणारच होते. दीड ग्रॅमच्या फरकावर दुकानदारांशी भांडलेला माणूस, त्याच्या जिभेवर खोटं माप येत नव्हतं. तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि निरोप वाचायला घेतला.

"प्रिय पालक. तुमच्या पाल्याने आज आठ बंदुकांच्या टप्प्यातून एकशे चाळीस पावलं न वाकता, न धावता पार केली. ह्या काळात त्याच्या दिशेने एकही गोळी झाडली गेली नाही. असं कौशल्य आमच्या यंत्रणेला आजवर आढळलेलं नाही. पाल्याचं वय दोन महिने एकोणीस दिवस असल्याने आम्ही अधिकच चिंतेत आहोत. कृपया खालीलपैकी एक निवडा. एक: माझा पाल्य साधारण खेळाडू आहे, आज झालं तो योगायोग होता. असं असल्यास खातं चालू राहील आणि विजय कायम होईल. दोन: माझा पाल्य असामान्य आहे. असं असल्यास इतरांच्या हितासाठी खातं कायमचं बंद होईल आणि आजचा निकाल रद्द होईल."

"एक दाब, ताई," मेहुणा लगेच म्हणाला. "विचार कसला करतेस? खातं वाचेल, विजय राहील. आणि मी म्हणत होतो तेच आहे ते."

शिक्केवाल्यांना संध्याकाळी साडेसहाची वेळ आठवली. बेडूक आठवली. साडेसातची ती 'शाबास' आठवली. खेळ जाणार ह्याचं त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. शिवाय पहिला पर्याय मोजूनमापून बरोबरच होता.

"दाबून टाक एक," ते हळूच म्हणाले. "चूक नाही त्यात काही."

बायकोने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "दोन महिने एकोणीस दिवस मी ह्यांची पालक आहे," ती भावाला म्हणाली. "रोज परवानगी मी देते, रोज किती वेळा मेले ते मी वाचते. तीनशेदा मरून चौथ्या शतकाला पुन्हा वही घेऊन बसणारा माणूस तू पाहिला आहेस कुठे? तुझ्या दुकानात आहे?"

"तसं नाही गं, ताई..."

"तुम्हा आठजणांना जे दिसत होतं ते खरं मानायचा धीर झाला नाही. हे आपले चालत गेले. पालक कोण आहे? मी." आणि तिने बोट लावलं. दोनवर.

आतल्या खोलीत संगणकाने बारीकसा आवाज केला आणि 'आपला नम्र' ह्या जगातून कायमचे गेले. मेहुणा चमचा खाली ठेवून खालच्या आवाजात म्हणाला, "भाऊजी, ती दहा-दहा पावलांची युक्ती मला शिकवाल?"

"त्याला अनुभव लागतो," शिक्केवाले म्हणाले.

बायकोने चष्मा काढला आणि भाताचं भांडं नवऱ्याकडे सरकवलं. "साधारण म्हणे," ती पुटपुटली. "इतक्या वर्षांत मी कधी म्हटलं आहे का हो तुम्हाला साधारण?"

म्हटलं होतं. एकदा लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, बढती हुकली त्या दिवशी. एकदा तिच्या आईसमोर. एकदा नवीन पडदे लावताना, त्यांनी दांडी वाकडी ठोकली म्हणून. शिक्केवाल्यांना तिन्ही वेळा वारासकट आठवत होत्या.

"कधीच नाही," ते म्हणाले आणि त्यांनी भात वाढून घेतला.